मोंताल्चिनोला जाताय? आधी कोटावर चढा

प्रश्न डिचोलीच्या एका ताईंचा. पुढच्या वर्षी त्या, त्यांचे यजमान आणि सासूबाई असे तिघं इटलीला निघालेत. फ्लॉरेन्समध्ये चार दिवस आहेत. त्यातला एक काढून टस्कनीतल्या मोंताल्चिनो या डोंगरावरच्या गावी जायचं आणि तिथली ब्रुनेल्लो नावाची रेड वाईन चाखायची, असा बेत आहे. यजमानांना वाईनची आवड आहे, माहिती बेताची. सासूबाई शुद्ध शाकाहारी, दारूला शिवत नाहीत, गुडघे कुरकुरतात. एका दिवसात जमेल का, गाडी भाड्याने घ्यावी का, सासूबाईंचं काय करायचं आणि वाईनमधलं काही कळत नसेल तर आपलं हसं होईल का, असं त्या विचारतात.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच आपली माणसं अडतात. हसं होत नाही. मी पणजीच्या हॉटेलांत वाईन ओतण्यापासून सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं गोव्यातून लहान लहान गट घेऊन इटलीला जातो. द्राक्ष बागायतदाराला ‘मला यातलं काही माहीत नाही, सांगा’ म्हणणारा पाहुणा आवडतो. इंटरनेटवर चार शब्द पाठ करून त्याची परीक्षा घेणारा मात्र त्याला नको असतो. तुमच्या यजमानांना एवढंच सांगा.

आता बेताबद्दल. एका दिवसात फ्लॉरेन्सहून जाऊन-येऊन करू नका. करता येत नाही असं नाही, पण हाती काही लागत नाही. फ्लॉरेन्स ते सिएना बसने सव्वा तास. सिएनाहून मोंताल्चिनोची 114 नंबरची बस आणखी साधारण सव्वा तास. मधली वाट पाहणं धरलं तर एका बाजूचे तीन तास गेले. रविवारी फेऱ्या अगदीच तुरळक, आणि परतीची शेवटची बस कुठली या विचाराने दुपारनंतर जीव टांगणीला. स्वतःच्या गाडीने पावणेदोन तासांत पोचाल, पण मग ज्याच्या हातात चाक आहे त्याने प्यायचं नाही, आणि तुमच्या घरात तो माणूस म्हणजे नेमके वाईनची आवड असलेले यजमानच असणार. फ्लॉरेन्सचे चार दिवस दोनवर आणा, मोंताल्चिनोत दोन रात्री राहा. फ्लॉरेन्सची संग्रहालयं दोन दिवसांत उरकत नाहीत हे मला ठाऊक आहे. चार दिवसांतही उरकत नाहीत.

दोन रात्री का, तर गाव सकाळ-संध्याकाळचं आहे. अकराच्या सुमाराला दिवसभराच्या सहलींच्या बस येतात आणि चार-साडेचारला जातात. त्या वेळात तुम्ही खाली बागांमध्ये असायला हवं. बस गेल्या की मुख्य गल्लीत तिथलीच माणसं उरतात. अख्ख्या नगरपालिकेची लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास, तीही खालच्या वाड्यावस्त्यांसकट. संध्याकाळी पियात्सा देल पोपोलो या चौकात सगळे एक फेरी मारतात, ओळखीचा दिसला की थांबतात, आणि अनोळखी माणसालाही दुसऱ्या दिवशी मान हलवून ‘ओळखलं’ म्हणतात. त्याच चौकात 1888 सालचा एक जुना कॅफे आहे, फियास्केत्तेरिया इतालियाना. लाल मखमली बाकं, आरसे, संगमरवरी टेबलं. कॉफीसाठी जा. बाहेर बसलात तर पैसे जास्त पडतात, काउंटरला उभं राहून प्यायलात तर कमी. इटलीत सगळीकडे हीच रीत.

पोचलात त्या दिवशी वाईन नको. आधी कोटावर चढा.

हा किल्ला सिएनाकरांनी 1361 मध्ये बांधला, पाच कोनांचा. आत अंगणात जायला पैसे लागत नाहीत, तटावर जायचं छोटंसं तिकीट आहे. सासूबाईंना अंगणात सावलीला बसवा, जिना अरुंद आणि उभा आहे. तुम्ही दोघं वर जा आणि तटावरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. कारण पुढच्या दोन दिवसांत जे काही चाखाल त्याचा नकाशा इथून पायाखाली दिसतो, आणि तो पाहिल्याशिवाय तळघरात गेलं की सगळे ग्लास सारखेच लागतात.

गाव साधारण 564 मीटरवर आहे. त्याच्याभोवती ओम्ब्रोने, आस्सो आणि ओर्चा या तीन नद्यांच्या खोऱ्यांनी वेढलेला जवळजवळ चौकोनी मुलूख आहे. त्यातला निम्मा जंगल. ब्रुनेल्लोसाठी नोंदलेल्या बागा साधारण 2,100 हेक्टर, म्हणजे मुलखाच्या मानाने थोड्याच. उत्तरेकडे तोंड करा. सिएना त्या बाजूला आहे. इकडचे उतार थंड, द्राक्ष उशिरा पिकतं, वाईन सडपातळ, आंबटपणा ठसठशीत, वास फुलांचा आणि आंबट चेरीचा. आता मागे वळून दक्षिणेकडे पाहा. दूरवर आमियाता डोंगर दिसेल, 1,738 मीटरचा, विझलेला ज्वालामुखी. वादळं आणि गारा बऱ्याचदा तो अडवून धरतो. त्याच्या अलीकडे, सांत-आंजेलो गावाच्या बाजूला, उतार खाली जातात तसा उन्हाचा जोर वाढतो, समुद्राकडचा वारा लागतो. तिथली वाईन भरलेल्या अंगाची, पिकल्या फळाची, अल्कोहोल चढं. पूर्व-आग्नेयेला कास्तेल्नुओव्होकडे ऊन आणि थंड रात्री दोन्ही मिळतात. द्राक्ष एकच, सान्जोवेझे, दुसरं मिसळायला मनाई. नियम एकच. तरी तीन बाजूंच्या तीन वाईन वेगळ्या, कारण उंची, दिशा आणि माती. वरच्या बाजूला गालेस्त्रो नावाचा ठिसूळ पापुद्र्यांचा दगड सापडतो, खाली चिकणमाती वाढत जाते. हे वाचून समजतं, पण तटावर उभं राहून वारा कुठल्या गालाला लागतो ते पाहिलं की लक्षात राहतं.

म्हणून माझा सल्ला: दोन दिवसांत दोनच बागा करा, तीन नकोत. एक उत्तरेची, एक दक्षिणेची. त्यातली एक लहान, घरच्यांनी चालवलेली. दुसरी मोठी असली तरी चालेल. मोठ्या ठिकाणी सगळं आखीव असतं, माहिती इंग्रजीत नीट मिळते, पहिल्यांदा जाणाऱ्याला ते सोपं जातं. लहान ठिकाणी ट्रॅक्टरवरून उतरलेला माणूसच बाटली उघडतो, इंग्रजी मोडकं असतं, आणि खरी गोष्ट तिथे कळते. दोन्हीकडे आधी ईमेल करून वेळ ठरवावी लागते. दारात जाऊन उभं राहण्याची पद्धत तिथे नाही. माणशी 25-30 युरोपासून पुढे घेतात, नावाजलेल्या घराण्यांत त्याच्या दुप्पट-तिप्पटही. पैसे देऊन चाखल्यावर बाटली घ्यायलाच हवी असं काही नाही, मात्र लहान बागेत दोन-तीन बाटल्या घेतल्या तर चाखण्याचे पैसे पुष्कळदा माफ होतात. सासूबाई पिणार नाहीत हे ईमेलमध्येच लिहा, बहुतेक जण त्यांचे पैसे लावत नाहीत. आणि साडेबारा ते अडीच-तीन ही जेवणाची वेळ मोडायला लावू नका.

प्यायच्या वेळी टेबलावर एक रिकामं भांडं असेल. ते थुंकण्यासाठी आहे. आपल्याला हे अवघड वाटतं, कुणाच्या घरी जाऊन त्याने दिलेलं थुंकायचं म्हणजे काय! पण तिथे तो अपमान धरत नाहीत, मालक स्वतःही तेच करतो. ब्रुनेल्लोत अल्कोहोल 14 ते 15 टक्के असतं. अशा पाच वाईन रिकाम्या पोटी गिळल्या तर सहावी कशी होती ते कुणाला सांगता येणार नाही.

आता वाईनबद्दल, यजमानांना पुरेल एवढंच. गोव्यात रेड वाईन म्हणजे पुष्कळांच्या जिभेवर ‘पोर्ट’ची चव बसलेली असते. लग्नाच्या टोस्टला फिरते ती, गोड, दाट. ती अपेक्षा घेऊन गेलात तर ब्रुनेल्लोचा पहिला घोट चेहरा वाकडा करेल. ही वाईन पूर्ण कोरडी, आंबट आणि तुरट. काजूचं बोंडू चावल्यावर जीभ आणि गालांची आतली बाजू जशी आखडते, तसंच काहीसं, फक्त सौम्य. तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, थोडा पिंपाच्या लाकडातूनही, आणि वाईन टिकते ती त्याच्या आणि आंबटपणाच्या जोरावर. पहिल्या घोटावर मत बनवू नका. ग्लास दहा मिनिटं ठेवा, पाव आणि चीजचा तुकडा खा, मग दुसरा घोट घ्या.

ब्रुनेल्लो बाजारात यायला वेळ लागतो, तो कायद्याने. निदान दोन वर्षं लाकडात, चार महिने बाटलीत, आणि द्राक्षं तोडल्यानंतरच्या पाचव्या वर्षीच्या 1 जानेवारीआधी विक्री नाही. म्हणजे 2021च्या द्राक्षांचा ब्रुनेल्लो 2026च्या जानेवारीत आला. ‘रिझेर्व्हा’, म्हणजे जास्त मुरवलेला ब्रुनेल्लो, आणखी एक वर्ष उशिरा. हेक्टरी आठ टनांपेक्षा जास्त द्राक्ष घेता येत नाही. 1966 मध्ये या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि 1980 मध्ये इटलीतला सर्वांत वरचा दर्जा, तो मिळवणाऱ्या पहिल्या वाईनपैकी ही एक. आपल्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं 2009 मध्ये, तेव्हा नावाचं मोल म्हणजे काय ते गोव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिथेही हे मोल सहज टिकलेलं नाही. 2008 मध्ये काही उत्पादक दुसरी द्राक्षं मिसळत असल्याच्या संशयावरून मोठी चौकशी झाली होती, गाव हादरलं होतं. त्यानंतर 2011 मध्ये धाकट्या वाईनमध्ये तरी दुसरं द्राक्ष चालू द्यावं का यावर उत्पादकांनी मतदान केलं आणि बहुमताने नाही म्हटलं.

ही धाकटी वाईन म्हणजे रोस्सो दी मोंताल्चिनो. तेच द्राक्ष, पुष्कळदा त्याच बागेतलं, पण पुढच्याच वर्षीच्या 1 सप्टेंबरला विकता येतं. किंमत साधारण निम्मी. दुकानदार तुम्हाला ब्रुनेल्लोकडे ढकलेल, पण जेवणाबरोबर रोज संध्याकाळी काय प्यायचं असेल तर माझं मत रोस्सो. चांगल्या घराण्याचा रोस्सो हा साधारण घराण्याच्या ब्रुनेल्लोपेक्षा कधीही बरा. बागेत गेलात की दोन्ही एकामागून एक मागा, आणि जमलं तर एकाच घराण्याच्या दोन वेगळ्या सालांचा ब्रुनेल्लो. 2010, 2015, 2016, 2019 ही नावाजलेली सालं. 2017 कडक उन्हाचं आणि कोरडं, 2014 पावसाचं. पण ‘वाईट’ सालाला नाक मुरडू नका. 2014चा ब्रुनेल्लो काढणाऱ्या काही घराण्यांची ती वाईन आज सुंदर पिते आणि किंमतही कमी असते. नगरपालिकेच्या इमारतीच्या भिंतीवर 1992 पासून दर सालाची एक चित्रित फरशी बसवलेली आहे. सासूबाईंनाही ती बघायला आवडेल.

हे सगळं फार जुनं आहे असं समजू नका. क्लेमेन्ते सान्ती आणि त्यांचा नातू फेरुच्चो बिओंदी सान्ती यांनी 19व्या शतकात फक्त सान्जोवेझेची, टिकाऊ वाईन करायला घेतली. त्या घराण्याने जपलेल्या सर्वांत जुन्या बाटल्या 1888च्या. पण त्यानंतर कितीतरी वर्षं ही एका घराची आणि चार शेजाऱ्यांची गोष्ट होती. उत्पादकांचा संघ झाला तो 1967 मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग गरीब होता, माणसं गाव सोडून जात होती. शेती अर्धेलीने चालायची, निम्मं पीक जमीनमालकाचं. इटलीने असे नवे करार करण्यावर 1964 मध्ये बंदी आणली. गोव्याचा कूळ कायदाही 1964चाच, हा योगायोग मी प्रत्येक गटाला सांगतो आणि त्यावर बसमध्ये दरवेळी वाद पेटतो. तुम्ही राहाल ते दगडी फार्महाऊस तेव्हा रिकामं पडलेलं असणार.

कोटाच्या तटावर आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1555 मध्ये फ्लॉरेन्स आणि स्पेनच्या फौजांनी सिएना घेतलं, तेव्हा सिएनाची शेकडो कुटुंबं इथे डोंगरावर आली आणि चार वर्षं ‘सिएनाचं प्रजासत्ताक’ इथून चालवलं. 1559च्या तहानंतरच ते संपलं. आजही सिएनाच्या पालियो या घोडशर्यतीच्या मिरवणुकीत मोंताल्चिनोच्या निशाणाला मानाची जागा आहे. याच सुमाराला, 1560च्या आगेमागे, कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा पोर्तुगिजांच्या भीतीने नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे आली. सासूबाईंना हे सांगा. कवळ्याला, शांतादुर्गेच्या आताच्या देवळात, वर्षानुवर्षं जाणाऱ्या बाईला मोंताल्चिनो का वेगळं गाव आहे हे वाईनशिवायही समजतं.

सासूबाईंचं काय करायचं, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण एक माणूस कंटाळला की सगळ्यांची सहल फसते. पहिली गोष्ट खोलीची. गाव उतारावर आहे, गल्ल्या चढाच्या आणि काही नुसत्या पायऱ्यांच्या. खोली घेताना किल्ला आणि मुख्य चौक या वरच्या भागात घ्या, आणि ‘दारापर्यंत गाडी येते का, लिफ्ट आहे का’ हे लेखी विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचित असते. खालच्या भागातली खोली वीस-तीस युरोंनी स्वस्त मिळेल. ती वाचवू नका.

जेवण सोपं आहे. इथली पीची ही जाडसर, हाताने वळलेली शेवई पीठ आणि पाण्याची असते, अंडं बहुतेक ठिकाणी नसतं. ‘पीची आल्यियोने’ म्हणजे टोमॅटो आणि मोठ्या लसणीची. सासूबाईंना लसूण चालत नसेल तर चीज-मिऱ्याची मागा. शिळ्या पावाचं टोमॅटो घातलेलं ‘पाप्पा अल पोमोदोरो’ हे दात नसलेल्यालाही जमेल. ‘रिबोल्लिता’ हे पालेभाजी आणि घेवड्याचं दाट सूप, पण त्यात मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. ‘रागू’ आणि ‘चिंगियाले’ हे शब्द लक्षात ठेवा. पहिल्यात गाय-डुकराच्या मांसाचा खिमा, दुसरा रानडुक्कर. काही पावांत आणि भाजलेल्या पदार्थांत ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी असते, तेही विचारा. पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज घट्ट करायला बहुधा जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात. हे सासूबाईंना आधी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी सांगतो. एक वाक्य पाठ करा: ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, मांस नको, मासा नको. तिथला पाव अळणी असतो, आचाऱ्याची चूक नव्हे, टस्कनीभर तसाच. आणि बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ दिसेल. ती फसवणूक नाही, बसण्याचे पैसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांत-अंतिमोला जा. गावापासून दहाएक किलोमीटरवर, ऑलिव्हच्या झाडांमध्ये उभं असलेलं 12व्या शतकातलं मठाचं चर्च. काही दगड अलाबास्टरसारखा अर्धपारदर्शक आहे, सकाळच्या उन्हात तो मधासारखा दिसतो. जमीन सपाट, सासूबाईंना चालता येईल. दुपारी त्यांना बान्यो विन्योनीला घेऊन जा. तिथे गावाच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. त्यात उतरता येत नाही, पण खालच्या बाजूला पाणी वाहत जातं तिथे पाय सोडून बसता येतं. गुडघ्यांसाठी ते दोन तास. या सगळ्या ओर्चा खोऱ्याला युनेस्कोने 2004 मध्ये वारसास्थळ केलंय, त्यामुळे वाटेत यजमान फोटोसाठी पाच वेळा गाडी थांबवायला सांगतील, तो वेळ धरून चला. पिएन्झा मात्र या खेपेला सोडा. गाव देखणं आहे, पण मग तुमचीही सहलींच्या बससारखी धावाधाव होईल. घरी न्यायला मध घ्या. मोंताल्चिनोचा मध तिथे वाईनइतकाच मानाने विकतात, आणि ऑलिव्ह तेल नोव्हेंबरात ताजं मिळतं.

गाडीचं म्हणाल तर माझं उत्तर: दोन दिवसांपैकी बागांच्या दिवशी चालकासकट गाडी घ्या, स्वतः चालवू नका. खर्च दोन-तीनशे युरोंपर्यंत जातो, तिघांत वाटला तरी जाणवतो, हे खरं. पण इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम, आणि चाखण्याच्या एका बैठकीत ती ओलांडायला थुंकायचं विसरणं पुरेसं आहे. बागांकडचे रस्ते खडी-मातीचे, अरुंद, एकीकडे दरी. तरीही स्वतःच चालवायचं असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, नुसतं गोव्याचं लायसन्स चालत नाही. जुन्या गावांच्या आत ‘झेड टी एल’, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई, अशी पाटी दिसली की वळा. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं, वर गाडी कंपनीचा आकार वेगळा. पार्किंगच्या रेघा पांढऱ्या तर फुकट, निळ्या तर पैसे, पिवळ्या तर आपल्यासाठी नाहीतच.

कधी जावं? द्राक्षतोड साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये तोड पाहिली असेल तर हे उलटं वाटेल, पण तिकडे हिवाळ्यात वेल झोपलेला असतो. सगळ्यांना तोड पाहायची असते. आपली अडचण अशी की चवथ त्याच सुमारास येते, आणि चवथीला घर बंद ठेवून इटलीत बसलेला डिचोलीकर मी अजून पाहिलेला नाही. वाईट वाटून घेऊ नका, तोडीच्या दिवसांत लहान बागायतदाराला तुमच्याशी बोलायला फुरसतही नसते. माझी पसंती मे महिना, जूनचा पहिला आठवडा, किंवा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी साग्रा देल तोर्दो हा सण असतो. गावातले चार मोहल्ले जुन्या वेशात मिरवणूक काढतात आणि किल्ल्याजवळच्या मैदानात धनुर्विद्येत एकमेकांशी भिडतात. बघण्यासारखं, पण खोल्या फार आधी संपतात, आणि पक्षी भाजण्याचा वास सासूबाईंना सोसेल का ते बघा. ऑगस्टमध्ये जाऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत अर्धं गाव बंद.

व्हिसाचं थोडक्यात: शेन्गेन व्हिसा, गोवा इटलीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं, 30,000 युरोंचा विमा सक्तीचा. घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला हे काही लागत नाही, बाकीच्यांना लागतंच.

बाटल्या आणण्याचं गणित. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त. म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या, तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली. सासूबाई पीत नाहीत पण प्रवासी आहेत, त्यांच्या वाट्याच्या दोन बाटल्या कायदेशीर. एकूण सहा. त्यात तीन रोस्सो, तीन ब्रुनेल्लो घ्या. ब्रुनेल्लो बागेत साधारण 35-40 युरोपासून सुरू होतो, रोस्सो पंधरा-वीसला मिळतो. हॅन्डबॅगेत चालत नाहीत, कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत.

इथे आणल्यावर मात्र बहुतेक बाटल्या मरतात. ‘ही वीस वर्षं टिकते’ असं दुकानदार म्हणतो ते बारा-पंधरा अंशांच्या तळघराच्या हिशोबाने. डिचोलीच्या मे महिन्यात, स्वयंपाकघराच्या फळीवर किंवा शोकेसमध्ये ती एका उन्हाळ्यात उकडते. वाईनसाठी वेगळा फ्रीज नसेल तर भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि वर्षाच्या आत पिऊन टाका. पिताना ‘रूम टेम्परेचर’ या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा, आपली खोली तीस अंशांची असते. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून काढा, ब्रुनेल्लो असेल तर तासभर आधी उघडा. माशांच्या हुमणाबरोबर कधीच नको. मासा आणि तुरट रेड वाईन मिळून तोंडात लोखंडाची चव येते, आणि तिखटाने अल्कोहोल भडकतं. कमी मसाल्याचं भाजलेलं मटण चालेल. पावसाळ्यात ओळमी, म्हणजे रानअळंबी, मिळाल्या तर लोण्यावर परतून, नारळ न घालता, त्यांच्याबरोबर रोस्सो उघडा.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी मोंताल्चिनोतली वरच्या भागातली खोली, मग दोन बागांना ईमेल, त्यांच्या वेळा आल्या की चालक, आणि सर्वांत शेवटी फ्लॉरेन्सच्या उरलेल्या दोन रात्री. ईमेल करण्याआधी यजमानांना गोड वाईनच आवडते का ते विचारून घ्या. तसं असेल तर मोस्कादेल्लो दी मोंताल्चिनो ही तिथली गोड पांढरी वाईन करणारी बाग शोधा, मी नाव सुचवेन.